शेतमालाच्या कारभाऱ्यांना शिकवणार कोण?

डिसेंबर २०२३ मध्ये दोन दिवसांच्या आत महाराष्ट्राच्या दोन मोठ्या पिकांवर दिल्लीहून आदेश येऊन आदळले. ७ डिसेंबरला साखर कारखान्यांना उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई झाली आणि ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद झाली. इथेनॉलच्या बाबतीत आठवडाभरात थोडी सूट मिळाली. कांद्याची बंदी उठायला मात्र मे २०२४ उजाडला. या निर्णयांवर आंदोलनं झाली, अग्रलेख लिहिले गेले, धोरण चूक की बरोबर यावर भरपूर बोलून झालं. मला त्यातला एक वेगळाच प्रश्न छळतो. त्या दिवशी सकाळी कारखान्याच्या डिस्टिलरीचा व्यवस्थापक, मंचरच्या एखाद्या निर्यातदाराकडचा खरेदी अधिकारी आणि शेतकरीच सभासद आणि मालक असलेल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचा सीईओ आपापल्या खुर्चीत बसले, तेव्हा त्यांच्यापुढे कोणते पर्याय होते? आणि त्यातला कमी नुकसानीचा कोणता, हे मोजायचं कसं, हे त्यांना आयुष्यात कोणी कधी शिकवलं होतं का?

बहुतेकांना शिकवलेलं नव्हतं. ते कृषी पदवीधर असतील, साखर तंत्रज्ञ असतील, वाणिज्य शाखेचे असतील. पिकाची कीड ओळखतील, रसाची शुद्धता सांगतील, ताळेबंद जुळवतील. पण शेतमालाचा धंदा या तिन्हींच्या मधल्या जागेत चालतो. माल नाशवंत असतो, भाव रोज हलतो, पैसा उशिरा येतो, धोरण रात्रीत बदलतं, आणि पुरवठादार म्हणजे सरासरी सव्वा-दीड हेक्टरचे हजारो शेतकरी. हा कारभार करणारा माणूस पस्तिशी-चाळिशीत पोचलेला असतो, घर चालवत असतो, नोकरी सोडून दोन वर्षं कॉलेजात बसू शकत नाही. त्याच्यासाठी पुण्यात काय आहे, हे विचारायला हवं.

पुण्याचंच नाव घेतो, कारण या विषयासाठी लागणारं सगळं एका जिल्ह्यात इतकं दाटीनं देशात फार थोड्या ठिकाणी असेल. गणेशखिंडीत वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे, शिवाजीनगरला शंभरी ओलांडलेलं कृषी महाविद्यालय आहे. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि तिथंच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. राजगुरुनगरला कांदा-लसणाचं संशोधन, तळेगावला काढणीपश्चात तंत्रज्ञानाची संस्था, गुलटेकडीला पणन मंडळाचं मुख्यालय. कृषी आयुक्तालय आणि साखर आयुक्तालयही पुण्यातच. रांजणगाव-बारामतीकडे अन्नप्रक्रियेचे आणि दुधाचे मोठे कारखाने, नारायणगावला टोमॅटोचा बाजार, पुरंदरला अंजीर. शिकवणारे आहेत, शिकायचा माल समोर आहे, शिकणारे तासा-दोन तासांच्या अंतरावर आहेत. तरीही हे सगळं एका वर्गात येत नाही.

नोकरदारांसाठीचे व्यवस्थापन अभ्यासक्रम पुण्यात नाहीत असं नाही. शनिवार-रविवारचे वर्ग असतात, चांगल्या संस्थांचे असतात. पण त्यांची फी, त्यांची भाषा आणि त्यांतली उदाहरणं पाहिली की ते कोणासाठी आहेत हे लगेच कळतं. बियाणं कंपनीचा विभागीय प्रमुख, खाद्यपदार्थांच्या ब्रँडचा मार्केटिंगवाला, बँकेतला कृषिकर्ज अधिकारी, अशांना कंपनी पाठवते. त्यांचा फायदा होतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच, की शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार हे ज्यांच्या निर्णयावर ठरतं ती माणसं या वर्गात नसतात. कारखान्याचा शेतकी अधिकारी नसतो, दूध संघाचा संकलन प्रमुख नसतो, बाजार समितीचा सचिव नसतो, पॅकहाउसचा मॅनेजर नसतो. उत्पादक कंपनीचा सीईओ तर नसतोच नसतो.

एक निर्णय जरा जवळून पाहू. मंचर-नारायणगाव पट्ट्यात सुपरमार्केटांसाठी भाजी गोळा करणारी संकलन केंद्रं आहेत. समजा, आदल्या संध्याकाळी केंद्रप्रमुखाला वरून चार टन टोमॅटोची ऑर्डर आली. त्यानं शेतकऱ्यांना फोन केले, पहाटे तोडा झाला, दहा वाजता पिकअप दारात उभ्या राहिल्या. अकराला मोबाइलवर निरोप येतो की आज अडीच टनच पाठवा. दीड टन, म्हणजे वीस किलोचे पंचाहत्तर क्रेट, आता कोणाचे? तो वरिष्ठांशी भांडू शकतो. उरलेला माल नारायणगावला पाठवून भावातला फरक कंपनीच्या खात्यावर टाकायची परवानगी मागू शकतो. पण सगळ्यात सोपा रस्ता तिसराच असतो. ग्रेडिंग कडक करायची. काल जो डाग चालत होता तो आज चालत नाही, रंग थोडा मागे आहे, आकार बारीक आहे. माल 'रिजेक्ट' होतो, कागदावर सगळं नियमात बसतं, वरच्यांना काही विचारावं लागत नाही. शेतकरी समजतो. तो काही बोलत नाही, क्रेट परत गाडीत चढवतो, आणि पुढच्या हंगामात निवडक माल व्यापाऱ्याला देऊन उरलेला केंद्रावर आणतो. मग कंपनीच्या बैठकीत कोणीतरी म्हणतं की इथले शेतकरी शब्द पाळत नाहीत.

त्या केंद्रप्रमुखाला मी दोष देत नाही. पंचाहत्तर क्रेट परत पाठवल्याची किंमत त्याच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. तुटलेल्या विश्वासाचा खर्च पुढच्या वर्षीच्या खरेदीदरात, वाढलेल्या वाहतुकीत, घसरलेल्या प्रतीत कसा उगवतो, हे त्याला कोणी मांडून दाखवलेलं नाही. आणि ऑर्डर बदलण्याचा धोका कोणी किती उचलायचा हे करारात आधीच कसं लिहून घ्यायचं, हेही नाही. व्यवस्थापन शिकवायचं म्हणजे हे शिकवायचं.

दुसरं उदाहरण पैशाचं. उत्पादक कंपनी हा प्रकार आपल्याकडे २००२ साली कंपनी कायद्यातल्या दुरुस्तीनं आला आणि २०२० मध्ये केंद्रानं १०,००० नव्या संस्था उभ्या करायची योजना आणली. योजनेत समभाग-अनुदान आहे. सभासदांनी जितकं भांडवल घातलं तितकंच सरकार घालतं, पण कंपनीमागे जास्तीत जास्त १५ लाख. सभासदांचे १५ आणि सरकारचे १५ धरले तर ३० लाख झाले. आता ही कंपनी भाजी विकू लागते. शेतकऱ्याला पैसे लगेच द्यावे लागतात, नाहीतर तो उद्या माल आणणार नाही. समोरची दुकानांची साखळी तीस दिवसांनी पैसे देते. रोजची विक्री दोन लाखांची झाली की साठ लाख रुपये कायम बाहेर अडकलेले राहणार. म्हणजे कंपनी जसजशी चांगली चालेल तसतशी ती गळ्यापर्यंत बुडत जाईल. नफा दाखवणारी संस्था रोकड संपल्यानं बंद पडते ती अशी. सभासद म्हणतात सीईओनं पैसे खाल्ले, सीईओ म्हणतो मी तर रात्रंदिवस राबलो. दोघंही खरं बोलत असतात असं वाटतं, कारण दोघांनाही खेळत्या भांडवलाचं हे साधं गणित कोणी वेळेत सांगितलं नाही. किती उधारीवर किती विक्री झेपेल, कोणाला सवलत देऊन लवकर पैसे घ्यायचे, गोदाम पावतीवर कर्ज कधी काढायचं आणि कधी नाही, हे दोन दिवसांत शिकवता येतं. ते शिकवलं असतं तर कितीतरी संस्था आज कागदावरच न राहता चालू दिसल्या असत्या, हे मी जबाबदारीनं म्हणतो.

आणि त्या सीईओला मिळतं काय? त्याच योजनेत एका संस्थेच्या व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त १८ लाख आहेत. महिन्याला पन्नास हजार पडतात, आणि त्यात सीईओ, हिशेबनीस, कार्यालयाचं भाडं, वीज, प्रवास, सगळं आलं. या पगारावर आलेला मुलगा लाखाच्या फीचा वर्ग करेल कसा? योजनेनं प्रशिक्षणाची सोय केली आहे हे खरं, पण त्याच्या मध्यवर्ती संस्था लखनौ आणि गुरुग्रामला आहेत. तिथल्या अभ्यासक्रमाबद्दल मला काही वाईट म्हणायचं नाही. पण जुन्नरच्या कांद्याचा आणि इंदापूरच्या डाळिंबाचा कारभार तिथून आखलेल्या पाठातून कितपत समजेल?

या ठिकाणी नेहमी एक आक्षेप येतो. धंदा वर्गात शिकवून येत नाही, तो गाळ्यावर बसूनच येतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या जुन्या आडत्यानं कुठली पदवी घेतली होती? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. पहाटे गाडी खाली होताना पोत्यात हात घालून माल कुठल्या गावचा आणि किती दिवस टिकेल हे सांगणाऱ्या माणसाला शिकवण्यासारखं कुठल्याच प्राध्यापकाकडे काही नाही, त्या एका बाबतीत. पण अनुभव फक्त घडून गेलेल्या गोष्टींचा असतो. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि कंटेनर बंदरांत अडकले. हे औषध आपल्याकडचे बागायतदार एप्रिल छाटणीनंतर वर्षानुवर्षं फवारत होते, आणि निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्यांच्या यादीत ते नव्हतंच. तपासणी झाली होती, कागद बरोबर होते, तरी माल अडकला. वीस-पंचवीस वर्षं द्राक्षात काढलेल्यांनाही हे आधी दिसलं नाही. आपल्या यादीत काय आहे यापेक्षा समोरच्याच्या प्रयोगशाळेत काय तपासलं जाणार आहे, हे विचारायची सवय अनुभवातून नाही, शिस्तीनं विचार करायला शिकल्यावर लागते.

त्या एका हंगामात व्यवस्थापनाचं अख्खं वर्ष शिकवण्याइतका मजकूर आहे. कर्ज कोणी घेतलं होतं, विमा कशाचा होता, आयातदारानं कराराचं कुठलं कलम पुढे केलं, तोटा निर्यातदार आणि शेतकरी यांच्यात कसा वाटला गेला, पुढच्या वर्षी तपासणीची व्यवस्था कशी बदलली. द्राक्षातल्या रसायन-अंशांची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा मांजरीला आहे. त्या हंगामातून गेलेले बागायतदार नाशिक-सांगलीत आजही आहेत. त्यांना बोलावून, कागदपत्रं समोर ठेवून, मराठीत तीन दिवसांचा पाठ तयार करायला काय हरकत आहे? माझ्या पाहण्यात तरी व्यवस्थापनाच्या वर्गांतून परदेशी सुपरमार्केटच्या गोष्टी जितक्या सांगितल्या जातात, त्याच्या दहाव्या हिश्शानंही आपल्या या गोष्टी सांगितल्या जात नाहीत.

भाषेचा मुद्दा मी अस्मितेपोटी मांडत नाही. शेतमालाचा व्यवहार मराठीत होतो. लिलाव, कटती, उचल, उधारी, ऊसतोडणी टोळीशी ठरलेला करार, संचालक मंडळाचा ठराव, सगळं मराठीत. मात्र मोठ्या खरेदीदाराचा करार, बँकेचं मंजुरीपत्र, परदेशी प्रमाणपत्राच्या अटी इंग्रजीत येतात. मधला माणूस या दोन्हींत अडकलेला असतो, आणि न वाचता सही करतो. त्याला तो इंग्रजी करार कलमागून कलम मराठीत उलगडून दाखवणारा शिक्षक हवा आहे. फक्त इंग्रजीत शिकवलं तर तो गप्प बसेल. आणि इंग्रजी कागद टाळले तर तो अर्धवटच राहील.

वेळेचं तर आपण अजब करून ठेवलं आहे. प्रशिक्षणाचा निधी मार्चअखेर संपवायचा म्हणून कार्यक्रमांची गर्दी जानेवारी ते मार्चमध्ये होते. तेव्हा कारखान्याचं गाळप चालू असतं, द्राक्षाची निर्यात भरात असते, उन्हाळ कांदा काढणीला येत असतो. कामाचा माणूस तेव्हा येऊच शकत नाही, मग रिकामा असलेला कोणीतरी सही करायला पाठवला जातो. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा घ्या. गाळप बंद असतं, द्राक्षाची फळछाटणी अजून लांब असते, खत-बियाण्याची धावपळ ओसरलेली असते. कांदा साठवणीच्या चाळीत असतो आणि विकू की थांबू हा प्रश्न जिवंत असतो. त्याच वेळी फळ्यावर मांडून दाखवा की एप्रिलमध्ये १,२०० रुपयांनी शंभर क्विंटल विकले असते तर १,२०,००० आले असते. सप्टेंबरमध्ये भाव १,७०० झाला पण वजनातली घट आणि सड मिळून तीस टक्के गेले, तर सत्तर क्विंटलचे १,१९,००० येतात. पाच महिन्यांची मजुरी आणि व्याज वेगळंच. चाळीच्या दारात उभं राहून केलेलं हे गणित कोणी विसरणार नाही.

हे अशक्य नाही याचा पुरावा आपल्याच देशात आहे. खत, बियाणं, औषधं अशा कृषी निविष्ठांच्या विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेनं २००३ पासून एक वर्षाची पदविका चालवली. वर्ग आठवड्यातून एकदा, बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी. वर्गाबरोबर शेतभेटी, भाषा स्थानिक. दुकान बंद न ठेवता दुकानदार शिकला. महाराष्ट्रातही तो अभ्यासक्रम चालतो. खतविक्रेत्याच्या सुट्टीचा दिवस ज्यांनी विचारात घेतला त्यांना शिकणाऱ्याची कदर होती. हीच कदर उत्पादक कंपनीच्या सीईओच्या आणि शेतकी अधिकाऱ्याच्या वाट्याला का येऊ नये?

पुण्याला तर याची परंपराही आहे. धनंजयराव गाडगीळ गोखले अर्थशास्त्र संस्था सांभाळत होते आणि त्याच वेळी विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा करत होते. कारखान्याचे पहिले अध्यक्ष तेच. एक अर्थशास्त्रज्ञ आणि शेतकरी एका टेबलाशी बसून भागभांडवल, उसाचा दर, घसारा यांवर बोलत होते, आणि त्यातून पुढे अख्ख्या राज्याचा साखरधंदा घडला. त्यानंतर आपल्या विद्यापीठी अर्थशास्त्राचं आणि बांधावरच्या व्यवहाराचं बोलणं हळूहळू तुटत गेलं, याची मला खंत वाटते.

सगळ्यात अवघड आक्षेप संचालक मंडळाचा आहे. अधिकारी कितीही शिकला तरी निर्णय अध्यक्ष आणि मंडळच घेणार. तिथं नातीगोती, निवडणूक आणि पक्ष चालतो, मग याला शिकवून काय उपयोग? यात तथ्य आहे. ज्या मंडळाला ऐकायचंच नाही त्याच्यापुढे कुठलाही अभ्यासक्रम हरेल. पण सगळी मंडळं तशी नसतात. कितीतरी उत्पादक कंपन्यांचे संचालक साधे शेतकरी आहेत. ते ताळेबंदावर विश्वासानं सही करतात, कारण त्यातलं काय विचारायचं हे त्यांना कळत नाही. त्यांनाही वर्गात आणलं पाहिजे, निदान दोन दिवस, आपल्याच संस्थेचे कागद घेऊन. नाशिकजवळ मोहाडीला सह्याद्री फार्म्सनं शेतकऱ्यांच्या मालकीची आणि व्यावसायिक शिस्तीनं चालणारी संस्था उभी करून दाखवली आहे. मालकी शेतकऱ्याची असली की कारभार ढिसाळच असणार, असं मानायचं कारण नाही.

पैसा कोण देणार, हा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. बाजार समित्या बाजार फी गोळा करतात, साखर कारखाने आणि दूध संघ प्रशिक्षणावर खर्च दाखवतातच, आणि प्रक्रिया कंपन्यांना शिकलेला केंद्रप्रमुख हवाच आहे. या तिघांनी मिळून फीचा मोठा वाटा उचलावा, सीईओनं थोडा स्वतः भरावा. शिकलेला माणूस नोकरी सोडून जाईल ही भीती खरी आहे. पण तो गेला तरी याच पट्ट्यात दुसऱ्या संस्थेत जाईल, आणि पट्ट्याचं त्यात नुकसान नाही.

माझी मागणी मोठी नाही. येत्या ऑगस्टात तीस माणसांची एक तुकडी भरवा. निम्मे उत्पादक कंपन्यांचे, उरलेल्यांत शेतकी अधिकारी, संकलन प्रमुख, बाजार समितीचे कर्मचारी आणि दोन-तीन आडते. प्रत्येकानं आपल्या संस्थेचे मागच्या वर्षाचे हिशेब आणि फसलेला एक निर्णय घेऊन यायचं. एक दिवस मांजरीच्या प्रयोगशाळेत, एक पहाट गुलटेकडीच्या लिलावात, एक दिवस नारायणगावला. शेवटी लेखी परीक्षा नको. प्रत्येकानं आपल्या मंडळापुढे एक ठोस बदल मांडायचा, आणि सहा महिन्यांनी शिक्षकानं त्या गावी जाऊन मंडळाच्या बैठकीत बसून तो बदल झाला का ते पाहायचं. शिक्षकाच्या मानधनाचा शेवटचा हप्ता त्या भेटीनंतरच द्यावा.